बोक्याची खरूज

प्रिय चिमे,

बोका मजेत आहे. कुत्र्याचं नाव बोका ठेवणारी तू जगात एकटीच असशील. दवाखान्यात मी त्याला हाक मारली की लोक आपापल्या मांजरी घट्ट धरतात. जेवतो, माझ्या चपलांवर झोपतो, पाठही भरत आलीय.

तुझ्या अहोंनी त्याला स्वतः आणून सोडलं, उभ्याउभ्याच निघाले. “ताई, काहीतरी जालीम औषध द्या, हिलाही लागलीय खरूज,” म्हणाले आणि हसले. मला खरंच वाटलं. कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसालाही त्रास देतो, हे मीच रोज सगळ्यांना बजावत असते. भर उन्हाळ्यात तू लांब बाह्या का घालतेस, याचंही उत्तर मिळाल्यासारखं झालं.

पण खरूज बहुतेक कानाच्या कडेपासून, कोपरांपासून सुरू होते. बोक्याचे तिथले केस शाबूत होते. कानाची कड चोळून पाहिली. खरूज असली की कुत्र्याचा मागचा पाय आपसूक खाजवायला लागतो. याचा हलला नाही. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिली. किडा नाही, अंडं नाही. पिसू नाही, गोचीड नाही. आणि तो खाजवतच नाही गं. पाठीवर नुसते गोल डाग, सगळे एकाच मापाचे. मला भीती वाटायला लागली.

काल आमच्या कंपाउंडरने खिडकीबाहेर सिगारेटसाठी लायटर पेटवला. तेवढ्या आवाजाने बोका टेबलाखाली शिरला आणि तिथेच मुतला. मी त्याच्याजवळ फरशीवर बसले आणि मला तुझ्या बाह्या आठवल्या.

फोनवर तू हल्ली स्पीकर लावून बोलतेस, मागे कुणीतरी खाकरतं. म्हणून हे पत्र तुझ्या शिवणाच्या कारखान्यावर पाठवतेय. वाचून तिथेच फाडून टाक, घरी नेऊ नकोस.

तुला खरूज झालेली नाही, चिमे. बोक्यालाही नव्हती. तुझा नवरा शनिवारी दुपारी बोक्याला न्यायला येणार आहे. कंपाउंडर त्याला बाकावर बसवून ठेवील, डॉक्टरीणबाई येतीलच म्हणून सांगत राहील. मी तेव्हा तुझ्या कारखान्याच्या दारात गाडी घेऊन उभी असेन, मागच्या सीटवर बोका असेल. मशीन चालू असलं तरी तशीच ऊठ आणि ये. कपडे घ्यायलासुद्धा घरी जाऊ नकोस.

तुझीच,
ताई