मागे ठेवलेली पलटण

माय, आज सकाळी नातीनं विचारलं, "आबा, तुम्ही लढाईत काय केलं?" आणि मी नेहमीप्रमाणे सगळं तुझ्यावर ढकलून मोकळा झालो. म्हणालो, माझ्या आईनं दही दिलं नाही, म्हणून मी गेलो नाही. पोरगी खो खो हसली. मलाही हसू आलं, आणि मग वाटलं, एकदा तुला लिहावं.

बांगलादेशच्या लढाईचा तो हिवाळा. मी पलटणीत ट्रक चालवत होतो, मुक्काम कामठीला. निघायचा हुकूम आला तसा निरोप घ्यायला घरी आलो, तर तू अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलेलं. हार, नारळ, ओवाळणं, शेजारच्या वहिनींनी विणलेली माकडटोपी, आणि शेवटी तू माझ्या तळहातावर दही ठेवलंस. तिकडे ट्रक भरले, ताडपत्र्या आवळल्या आणि हुकूम फिरला. उत्तरेकडून चीन उतरला तर हाताशी कोणीतरी हवं, म्हणून आमची पलटण मागे ठेवली. बाकीचे पूर्वेला गेले आणि आम्ही भरलेले ट्रक पुसत बसलो.

अर्ध्या दिवसाची सुटी मिळाली तेव्हा सायकल हाणत महालातल्या आपल्या घरी आलो. गल्लीच्या तोंडाशीच वहिनी उभ्या. "काहून गा भाऊजी, वापस आले? सरली का लढाई?" त्यांची टोपी माझ्या डोक्यावरच होती, लपवणार कुठे? तू मात्र मला पाहून अशी खुललीस की मला रागच आला. चूल फुंकता फुंकता म्हणालीस, "मले त आनंद झाला. लपवू कायले?"

मग मी सांगितलं. आघाडीवरच्या एका पलटणीला ड्रायव्हर कमी पडत होते. ज्याला जायचं त्यानं संध्याकाळच्या हजेरीला पुढे यायचं, आणि मी पुढे होणार होतो. तू फुंकणी खाली ठेवलीस. बाबा गेल्यापासून घरात आपण दोघंच, हे तू बोलली नाहीस. तू काढलंस लग्नाच्या कोठीचं. गल्लीतल्या प्रत्येक लग्नात कोठीची किल्ली तुझ्या कमरेला असायची, आणि शेवटची पंगत उठेपर्यंत बुंदीची मागची परात तू नवरीच्या बापालाही उघडू द्यायची नाहीस.

"मांगं ठेवलेलं काय कमी असते बापू? आयत्या वेळी अजून वऱ्हाडी आले त काय वाढशीन?"

"मी काय बुंदी आहे?"

"बुंदी असता त मले झोप तरी लागली असती."

मी जेवायला बसलो. भाकर आणि वांग्याची भाजी होती. राग होता तरी भाजी दोनदा मागून घेतली. हात धुतले, पाणी प्यायलो आणि तुझ्यापुढे हात केला. मॅट्रिकच्या एकाही पेपराला मी दह्याशिवाय गेलो नव्हतो, तर लढाईला कसा जाणार?

"दही नाही," तू म्हणालीस. "थंडीनं विरजणच नाही लागलं. अन् मांगं दिलं ते तुह्या सरकारनं फुकट घालवलं." आणि तू पाठ फिरवून भांडी आवरायला लागलीस. मी नुसताच पाया पडून निघालो.

हजेरीला साहेब विचारतात. दोघे पुढे होतात. मी आहे तिथेच उभा आहे, नाकासमोर बघत, बुटांत बोटं आवळून. लढाई लवकरच आटोपली, चीन काही आला नाही, ते दोघे धडधाकट परतले आणि पुढे कित्येक वर्षं त्यांनी आपले किस्से ऐकवून आम्हाला पिडलं. मी पेन्शनीपर्यंत ट्रकच चालवला. तू सून आणलीस, नातू खेळवलास, आणि त्या दह्याचा विषय आपण दोघांनीही पुन्हा काढला नाही. मी सुखात जगलो माय, हे तुला तोंडावर सांगायचं राहून गेलं.

हा कागद कुठल्या पेटीत टाकणार? टाकायचा नाहीच, म्हणून सांगून टाकतो. त्या दिवशी हात धुऊन मी पाणी घ्यायला माठाकडे वाकलो, तेव्हा पिठाच्या डब्यामागे मला दही दिसलं. घट्ट लागलेलं होतं. वरची ताटली जरा सरकली होती. ती मी नीट झाकली, आणि मग येऊन तुझ्यापुढे हात केला.