कपाटावरचे बाळ पुन्हा चिकटवल्याबाबत

प्रति,
मा. दप्तर तपासणी अधिकारी (फिरते),
विभाग तिसरा, मुक्काम कर्जत,
जिल्हा कुलाबा.

अर्जदार: पारूबाई हिरामण ओव्हाळ, सदस्य, ग्रामपंचायत खैरतळे, तालुका कर्जत.

विषय: पंचायतीच्या कपाटावरील फुकट मिळवलेली चित्रे खरवडून काढण्याचा आपला हुकूम मान्य नसल्याबाबत.

संदर्भ: आपला हुकूम, दिनांक ५ जून १९७८. जावक क्रमांक पुसट असल्याने लागत नाही.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, मला लिहिता-वाचता येत नाही. हा अर्ज मी सांगत आहे आणि कचेरीबाहेर अर्ज लिहिणारे आबाजी तो लिहीत आहेत. "सविनय" हा शब्द त्यांचा आहे. त्याविना अर्ज कोणी हातात धरत नाही असे ते म्हणतात, म्हणून राहू दिला आहे. पुढचे मात्र मी सांगेन तसेच लिहायचे, असे आमचे ठरले आहे.

२. आमच्या पंचायतीत एक लाकडी कपाट असून त्याला उघडे खण आहेत. ग्रामसेवकांकडे तीन गावे असल्याने ते आमच्याकडे फक्त मंगळवारी येतात. त्या दिवशी ते लोकांनी मागितलेले दाखले लिहून, घडी घालून, वर घराचा आकडा टाकून त्या त्या खणात ठेवतात. ज्याने त्याने सवडीने येऊन आपला कागद न्यावा, ही गावाची जुनी वहिवाट आहे. रेशनकार्डामुळे आकडा आम्हा बायांना ओळखू येतो. कोणत्या खणात काय आहे हे मात्र कळत नसे, आणि त्यासाठी ओट्यावर बसलेल्या कोणाला तरी विचारावे लागे.

३. विचारणे म्हणजे काय, हे आपणांस ठाऊक नसावे. आमच्या बौद्धवाडीतली बाई पायरीशी उभी राहिली की पहिला प्रश्न, "कोनाची गं तू?" दुसरा, "दाखला कशाला पायजे?" तिसरा प्रश्न नसे, "उद्या ये" एवढेच असे. जानकीबाईचा नवरा वारला, तेव्हा त्याचा मृत्यूचा दाखला मागताना तो कशाने गेला हे तिला त्या ओट्यावर चारचौघांत सांगावे लागले. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही.

४. म्हणून गेल्या वर्षी मी सभेत उभी राहिले आणि म्हणाले, आत काय आहे ते बाहेरून कळेल असे करा. सरपंच म्हणाले, पैसे नाहीत. मी म्हटले, तुमचे पैसे कोणाला पाहिजेत? नेरळच्या बाजारातून बायांनी चित्रे गोळा केली. पोटदुखीच्या औषधाच्या खोक्यावरचे गुबगुबीत बाळ जन्माच्या खणाला लावले. अगरबत्तीच्या पुड्यावरची समई मृत्यूच्या खणाला. पेंडीच्या पोत्यावरच्या कागदाचा बैल जनावरांच्या दाखल्यांना आणि सिमेंटच्या कॅलेंडरवरचा बंगला घरपट्टीला. असा बंगला गावात कोणाचाच नाही, पण घर म्हणून चालून गेला. सगळे भाताच्या खळीने चिकटवले. तेव्हापासून बाई येई, बाळ बघे, आकडा बघे, आपला कागद घेई आणि चालू लागे. कोणाला विचारणे नाही, कोणापुढे उभे राहणे नाही.

५. आपण तपासणीला आलात, चहा घेतलात आणि चित्रांवर हरकत घेतलीत. ती चित्रे फुकट कशी मिळाली, पावती कुठे आहे, किती दुकानांतून दर मागवले होते, असे आपण विचारलेत. साहेब, फेकून दिलेल्या खोक्याचा दर कोण सांगणार? दुकानदाराला विचारले तर तो मलाच वेड्यात काढील. आपण असेही लिहिलेत की बैल आणि समई ही निवडणुकीची निशाणी होऊ शकते, सबब सरकारी जागेत ती लावता येत नाही. त्या हिशेबाने गावातले खरे बैलही मतदानाच्या दिवशी गोणपाटाखाली झाकावे लागतील. "नम्रपणे विचारते" असे येथे घालू का, असे आबाजी विचारत आहेत. घालू नका.

६. निशाणीचा विषय आपणच काढला म्हणून सांगते. मी पंचायतीवर निवडून आले ती शिडीच्या चित्रावर. मतपत्रिकेवर माझे नाव कोणी वाचले नाही, शिडी बघून शिक्का मारला. सरकारला आमचे मत हवे असते तेव्हा सरकार आम्हाला चित्र काढून देते, तेही फुकट. मग आम्हाला आमचाच कागद हवा असतो तेव्हा चित्र बेकायदा कसे होते? याचे उत्तर आपल्या हुकमात मला सापडले नाही. आबाजींनी तो दोनदा वाचून दाखवला.

७. हुकूम येताच ग्रामसेवकांनी गरम पाण्याने चित्रे खरवडली, अक्षरांच्या चिठ्ठ्या लावल्या आणि आपण लिहिले होते म्हणून खणांची जागाही बदलली. बाळ होते तिथे जनावरे गेली. हे बायांना कोणी सांगितले नाही.

८. आता माझे स्वतःचे सांगते. माझी नात संघमित्रा हिला यंदा पहिलीत घालायचे होते. तिचा जन्माचा दाखला मागितला होता. त्याच मंगळवारी आमच्या बैलाला लस टोचल्याचाही दाखला मागितला होता, कारण बैल बाजारात न्यायचा होता. माझी सून सुंदरा पंचायतीत गेली. चित्र नव्हते, पण खणाची जागा तिला पाठ होती. आमच्या घराचा आकडा बघून तिने कागद घेतला आणि पोरीला नवा झगा घालून शाळेत नेले.

९. गुरुजींनी कागद उघडला आणि भरल्या वर्गात मोठ्याने वाचला. वय सहा वर्षे. रंग तांबडा. शिंगे मागे वळलेली. शेपटीचा गोंडा पांढरा. वर्ग हसला. गुरुजीही हसले. माझ्या सुनेला आधी कळलेच नाही की काय झाले. तिला वाटले, पोरीचे काही चांगले लिहिले आहे, म्हणून तीही थोडी हसली.

१०. तेव्हापासून पोरगी शाळेत जात नाही. खरा दाखला मिळाला, नाव पटावर चढले, पण ती घरातून निघत नाही. शाळेची वेळ झाली की भाताच्या कणगीमागे जाऊन बसते. "आजे, मी नाय जायची. मला शिंगं हायत म्हनतात पोरं," असे म्हणते आणि कपाळ चाचपून बघते. साहेब, आमच्या घरात आजवर कोणी बाई शाळेत गेलेली नाही. ही पहिली निघाली होती. तिला आपल्या हुकमाने दारातून परत पाठवले. माझा जीव किती जळतो ते या कागदावर मावणार नाही.

११. पोरीची आई अडाणी, तिने बघून घ्यायला हवे होते, असे ग्रामसेवक म्हणतात. तिने बघूनच घेतले होते. जे बघायचे तेच आपण काढून टाकले होते.

१२. सबब कळवते की गेल्या मंगळवारी मी पंचायतीत गेले. सोबत वाडीतल्या जानकीबाई, मालनबाई आणि अंबाबाई होत्या. खण होते तसे केले, आपल्या चिठ्ठ्या काढल्या आणि चारही चित्रे नवी आणून लावली. याही वेळी फुकटच मिळाली. ग्रामसेवक म्हणाले, "बाई, माझी नोकरी जाईल." त्यांना सांगितले की पारूने लावले असे लिहा. तसे त्यांनी लिहून दिले आहे. मला सदस्यत्वावरून काढायचे असेल तर खुशाल काढावे. शेत कसत होते, पुन्हा कसेन.

१३. आबाजी म्हणतात, अर्जात मागणी लागते. माझी मागणी अशी. आपण एकदा आमच्या शाळेत यावे, त्याच वर्गापुढे उभे राहावे आणि सांगावे की चूक दप्तराची झाली, पोरीची नाही. माझ्या सांगण्याने पोरे ऐकत नाहीत, साहेबाचे ऐकतील. इतके केले तर मी आपल्याविषयी कुठे वाईट बोलणार नाही.

१४. आपण आला नाहीत तरी मी तिला शाळेत नेणारच. रोज नेईन आणि सुटेपर्यंत पायरीवर बसेन. कोण हसतो ते बघते. ती शिकेल. ज्या दिवशी ती त्या कपाटासमोर उभी राहून खणातला आमचा कागद मला घडाघडा वाचून दाखवील, त्या दिवशी ते बाळ मी माझ्या हाताने काढीन. आपल्या हुकमाने काढणार नाही.

कळावे. रीतीप्रमाणे आपली नम्र,

पारूबाई हिरामण ओव्हाळ
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)

खैरतळे, दिनांक ३ जुलै १९७८

अर्ज अर्जदाराने सांगितल्याप्रमाणे लिहिला व वाचून दाखवला. चार ठिकाणी सौम्य करण्यास सुचवले, अर्जदाराने नकार दिला.
आबाजी, अर्जलेखक