चष्मा काढायची पद्धत

३ जून
शाळा अर्धवट सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी विद्यापीठाने तयारीचा वर्ग काढला आहे. सर्टिफिकेट लागत नाही. वर्ग करायचा, शेवटी तिघांच्या मंडळासमोर मुलाखत, पास झालं की थेट बी.ए. शिकवायला मी. विभागप्रमुख बाईंनी सुचवलं की माझ्या कायम नोकरीच्या मुलाखतीत हे धरलं जाईल. इतकी वर्षं हंगामी काढली. पुढच्या वर्षी वयात बसत नाही. म्हणजे हीच वेळ.
संकल्प: या माणसांकडे बरोबरीच्या नात्याने पाहायचं.

५ जून
पाहिलं. बसड्रायव्हर भिंतीला टेकून झोपला. एक पार्लरवाली सारखा हात वर करते आणि म्हणते, समजलं नाही. 'संकल्पना' म्हटलं, समजलं नाही. 'कल्पना' म्हटलं, तर कसली, म्हणे.
मनाला प्रामाणिकपणे विचारलं: मला यांचा तिटकारा येतो का? नाही. तिटकारा बरोबरीच्यांचा येतो.

११ जून
निबंध: मला का शिकायचं आहे? ड्रायव्हरच्या अडीच ओळी. मुलगी कॉलेजात जाते, ती जेवताना काय बोलते ते कळावं म्हणून. याला प्रेरणा म्हणायचं? दहापैकी तीन दिले. नंतर वाटलं, जास्त झाले.

१४ जून
ज्ञान यांना झेपणार नाही, निदान ढंग तरी द्यावा. एम.ए.च्या तोंडी परीक्षेपासूनची माझी पद्धत शिकवली. प्रश्न आला की चष्मा काढायचा, खिडकीबाहेर बघायचं आणि सावकाश म्हणायचं, खरं तर या प्रश्नाचं एकच एक उत्तर नाही. तोवर काहीतरी सुचतं. 'समजलं नाही' म्हणायला वर्गात बंदी.
पार्लरवाली म्हणाली, "सर, मला चष्माच नाही. मी काय काढू?"
वर्ग हसला. मी नाही.

१८ जून
घरी हिला पद्धत सांगितली. ही म्हणाली, लग्न ठरताना बाबांनी पगार विचारला, तेव्हाही तुम्ही चष्माच काढला होतात. हिची स्मरणशक्ती नको तिथे चांगली.

२५ जून
सराव. सगळा वर्ग एका वेळी चष्मा काढतो. काहींनी त्यासाठी नवे आणले. ड्रायव्हरने उन्हाचा काळा. दृश्य देखणं. माणसं घडवणं यालाच म्हणत असावेत. पार्लरवाली तेवढी हात बांधून बसली होती. तिचं कठीण आहे.

२ जुलै
त्यांच्या मुलाखती. मी बाहेर बाकावर. थोड्या वेळाने आतून हसणं ऐकू येऊ लागलं. प्रत्येकाला जास्तच. मंडळ खूश दिसतंय.
ड्रायव्हर बाहेर आला तो माझ्या शेजारी टेकला. म्हणाला, "सर, खिडकीला पडदा होता. पुढचं काहीच सुचलं नाही."
इमारतीची देखभाल हा विद्यापीठाचा जुना प्रॉब्लेम आहे.

३ जुलै
निकाल. एकच पास. पार्लरवाली.
विभागप्रमुख बाईंकडून कळलं, पहिल्याच प्रश्नाला तिने मंडळाला सांगितलं की समजलं नाही, नीट विचारा. त्यांनी नीट विचारला. मग गप्पाच रंगल्या. निव्वळ उद्धटपणा, आणि त्याला प्रवेश.
ड्रायव्हरने फोन केला. मुलीला अजून सांगितलेलं नाही, काय सांगू, असं विचारत होता. मी म्हटलं, तुमच्यात चिकाटी कमी पडली.

८ जुलै
उद्या माझी मुलाखत. आता आतमध्ये सुशिक्षित माणसाशी सुशिक्षित माणसं बोलणार. तयारीची गरज नाही. लवकर झोपणे.

९ जुलै
तेच मंडळ. तोच पडदा. अध्यक्षांनी विचारलं, या विद्यार्थ्यांकडून तुम्ही काय शिकलात?
प्रश्नाचा अर्थच लागेना. त्यांच्याकडून? मी? क्षणभर ओठावर आलं होतं की समजलं नाही. पण एवढं शिकून हे म्हणायचं?
हात आपोआप चष्म्याकडे गेला. मी पडद्याकडे पाहिलं. "खरं तर," एवढंच म्हणालो.
उरलेलं वाक्य तिघांनी मिळून पूर्ण केलं.

१२ जुलै
जागा दुसऱ्याला गेली. तयारीचा वर्गही.
रात्री जेवण झाल्यावर हिने शांतपणे विचारलं, आता पुढे काय? मी चष्मा काढला. हिने उठून खिडकी लावून घेतली.
नंबर वाढला असावा. उद्या डोळे तपासून घेणे.