नऊपैकी पाच

प्रिय बाईसाहेब,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. म्हणजे, माणूस कोणी गेलेलं नाही. रोज फोनवर बोलणारा नवरा पत्र कशाला लिहितोय, असं तुला वाटेल. पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस, मागे बाळ रडत असतं, मधूनच जावईबापू "बाबा, तब्येत कशी?" म्हणून विचारतात, आणि माझ्या तोंडून एकच वाक्य निघतं : सगळं ठीक आहे. ते ठीक नव्हतं. आता आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मधलं तू शांतपणे वाचशील.

तू नऊ कोंबड्या माझ्या हवाली करून गेलीस. आता पाच आहेत. लिहिलं एकदाचं.

तू जाऊन अकरा दिवस झाले होते. मी मागच्या पायरीवर चहा घेऊन बसलो होतो. अंगणातून एक सावली सर्रकन सरकली, सगळ्या कोंबड्या कलकलाट करत झुडपात घुसल्या, आणि तुरेवाली तेवढी मधोमध राहिली. मला आधी वाटलं घार आहे. चप्पल फेकली. ती लागली पाण्याच्या बादलीला. तो पक्षी तुरेवालीवर उभा राहून पिवळ्या डोळ्यांनी माझ्याकडे असा बघत होता, जणू त्याच्या पंगतीत मीच आगंतुक. झाडू घेऊन धावलो तेव्हा सावकाश उडून कुंपणाच्या खांबावर बसला. ससाणा होता. त्या दिवशी तू विचारलंस, तुरेवाली अंडी देतेय का? मी म्हणालो, जरा नरम आहे.

मग मी शर्थ केली, खरंच सांगतो. चमकणाऱ्या पट्ट्या बांधल्या, दोन दिवस तो बिचकला, तिसऱ्या दिवशी त्यांच्यामधूनच उतरला. बुजगावणं केलं, त्याला माझा तो तपकिरी कोट घातला, जो टाकून द्या म्हणून तू सहा वर्षं माझ्या मागे लागली आहेस. ससाणा त्याच कोटाच्या खांद्यावर बसून पिसं साफ करायला लागला. दोन्ही भुऱ्या एका आठवड्यात गेल्या. आणि मी तुला सांगत राहिलो, नऊच्या नऊ मजेत आहेत. एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. दुकानात सोफ्याच्या फाटक्या कापडाला ठिगळ लावणारा मी, पण असली ठिगळं मला कधी जमली नाहीत.

चौथी मास्तरीण. तिच्याबद्दल लिहायला हात उचलत नाही. तुझी शाळा सुटली तेव्हा, नोकरीवाचून हा दिवस कसा संपायचा म्हणून तू जी पहिली पिल्लं आणलीस, त्यातली ती शेवटची उरलेली. तुझ्यासारखीच मान वाकडी करून बघायची. मी घरात पाण्याचा नळ बंद करायला गेलो, एवढाच काय तो वेळ.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. शेजारचे ड्रायव्हरसाहेब कुंपणाशी आले. हळूच म्हणाले, "ही जात कायद्याने राखलेली आहे. बंदुकीला हात लावलात तर तुरुंग. पण मेलेल्या कोंबडीला उंदराचं औषध चोळून ठेवलं, तर कोण बघायला येतंय?" मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हातमोजे घातले आणि उरलेल्या मास्तरणीला ते चोळलं. खुराड्याच्या छपरावर ठेवली, पाचजणींना आत कोंडलं आणि दुकानात गेलो.

दुकानात दवाखान्याच्या खुर्च्या आल्या होत्या. पहिल्याच खुर्चीला मी फुलांचं कापड उलटं ठोकलं. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. उसवायला बसलो तर सगळं डोळ्यांपुढे यायला लागलं. ती कोंबडी मांजराने ओढून नेली तर? कुत्र्याने? आणि खरं सांगू, ससाण्यानेच खाल्ली तरी काय? तो बिचारा पोटासाठी करत होता. मी जे केलं ते रागाने. अकरा वाजता दुकानाला कुलूप लावलं आणि या वयात, या गुडघ्यांनी, धावत घरी आलो. छप्पर रिकामं होतं. चार पिसं तेवढी चिकटलेली.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते विचारू नकोस. ससाणा आला नाही. आला नाही म्हणून मी खूश व्हायला हवं होतं, आणि मी मान मोडेपर्यंत आभाळाकडे बघत होतो. गल्लीतलं प्रत्येक मांजर जिवंत आहे ना ते बघत फिरायचो. ड्रायव्हरसाहेब दिसले की मी आत वळायचो. मी त्यांना दिसलो की तेही आत वळायचे, पण हे मला तेव्हा कळलं नाही. तू फोनवर म्हणालीस, आवाज बसलाय का तुमचा? मी म्हणालो, सर्दी.

तिसऱ्या दिवशी दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला आणि वनखात्याच्या ऑफिसात गेलो. एक तरुण बाई होती, आपल्या लेकीएवढीच असेल. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. म्हटलं, लिहून घ्या, पण आधी कुणीतरी येऊन शोधा, कदाचित तो पक्षी अजून कुठे तडफडत पडला असेल. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, टेबलावरची टोपी उचलली आणि म्हणाली, "चला."

आपल्या घरामागच्या ओढ्याकाठी काठ्या घेऊन आम्ही तासभर झुडपं उलटीपालटी करत होतो. तेवढ्यात कुंपणावरून ड्रायव्हरसाहेब आले. खाकी शर्ट बघून त्यांचा चेहरा पांढरा पडलेला. मागे कमरेवर हात ठेवून वहिनी. वहिनींनी नुसतं "बोला" म्हटलं, आणि ते बोलले. त्या सकाळी छपरावर मास्तरीण ठेवलेली दिसली, तेव्हा आपला सल्ला मानला म्हणून त्यांनी मोठ्या फुशारकीने वहिनींना सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "माणसाने मारामारी करावी ती समोरासमोर. ते विष उचलून आणा, नाहीतर आज या घरात जेवायला येऊ नका." मी दुकानात पोचलो असेन-नसेन, तेवढ्यात ड्रायव्हरसाहेबांनी शिडी लावून मास्तरणीला उचललं आणि हातभर खड्डा खणून पुरलं. मला सांगायची लाज वाटली म्हणून गप्प बसले. दोन म्हातारे, एक कुंपण, आणि दोन्हीकडे सारखाच मूर्खपणा.

वनखात्याच्या बाईंनी खड्डा उकरून खात्री केली. सगळं होतं तसंच होतं. मी तिथेच चिखलात बसलो. लहान मुलासारखा रडलो, हेही लिहून टाकतो. बाई माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि ओढ्यापलीकडच्या उंच झाडाकडे बोट दाखवलं. वर काटक्यांचा ढीग होता आणि त्याच्या कडेला आमचा दरोडेखोर. "हाच तो," मी म्हणालो. "तो नाही, ती," बाई म्हणाल्या. मादी होती. घरट्यात दोन पिल्लं, मागचे दोन दिवस ती शेताकडे उंदरांवर होती. मग बाईंनी आम्हा दोघांची जी काही खरडपट्टी काढली, ती शाळेतसुद्धा कुणी काढली नव्हती. विष ठेवणं हाच गुन्हा, पक्षी मेला काय नि वाचला काय. दोघांकडून लेखी हमी घेतली, औषधाचा डबा जप्त केला. जाताना मात्र म्हणाल्या, "स्वतःहून सांगायला आलेला माणूस या नोकरीत पहिल्यांदाच बघितला."

आणि उपाय किती साधा होता, बघ. कुंपणाचा तो उंच खांब, जिथे बसून ती टेहळणी करायची, तो कापायला लावला. सांडलेले दाणे रोज उचलायचे, कारण त्यांना चिमण्या-कबुतरं येतात आणि त्यांच्यामागे ती. सकाळी कोंबड्या उशिरा सोडायच्या. आणि वरून जाळी. पण ढिली नाही, ताणून बसवलेली, म्हणजे तिचे पाय अडकायचे नाहीत. इथे माझी विद्या कामाला आली. माझी वाकडी सुई आणि मेणाचा दोरा घेऊन मी पाच दिवस जाळी शिवली, ड्रायव्हरसाहेबांनी जाळीचे ठेंगणे खांब पुरले, वहिनींनी आम्हा दोघांना शिव्या आणि चहा पुरवला. जाळी अशी ताणलीय की वर नाणं टाकलं तर उडेल.

ती परवा आली. जाळीवरून दोन घिरट्या घातल्या, आपला उंच खांब शोधला, मिळाला नाही, गेली. पाचजणी खाली निवांत माती उकरत होत्या. काल तीन अंडी मिळाली. मी इतका मोठ्याने हसलो की वहिनी विचारायला आल्या.

आता खरं कारण. गेल्या रविवारी तू फोन स्पीकरवरून काढलास आणि हळू आवाजात म्हणालीस, अजून दोन महिने राहू का? लेक दिवसदिवस भिंतीकडे बघत बसते, बाळाला जवळ घेत नाही, डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. आणि मी म्हणालो, "इथे कोंबड्या कोण बघणार? तिकीट काढलंय ना, ये." तू "बरं" म्हणालीस. ते "बरं" मला जाळीच्या प्रत्येक गाठीत ऐकू येत होतं. कोंबड्या हे निमित्त होतं गं. मला हे घर एकट्याला खायला उठतं, आणि तेवढं कबूल करायला मी लाजलो. काल स्टेशनवर जाऊन तुझं परतीचं तिकीट रद्द करून आलो. दोन महिने लागोत, चार लागोत, तू तिथे राहा. लेकीला माझ्याकडून सांग की तिची काही चूक नाही, आणि घाई अजिबात नाही. पुढच्या शनिवारी मीही येतो आहे. इथलं ड्रायव्हरसाहेब आणि वहिनी बघतील. बाळाला रात्री-अपरात्री मी घेईन, तुम्ही दोघी झोपा. स्टेशनवर कुणी यायची गरज नाही, पत्ता मला पाठ आहे.

तुझाच,
अहो