पाइपातलं काळं पाणी

आई, आज राग तुझ्यापुढं काढतोय, कारण ज्यांच्यावर काढायचा ते ऐकत नाहीत. माझं काम तुला कधी नीट कळलं नाही. आत्ताचं सोपं आहे. भिगवणला रेल्वेनं आलेला कोळसा दळायचा, जवळजवळ तेवढ्याच पाण्यात कालवायचा आणि जमिनीखालच्या पाइपातून वीज कारखान्यापर्यंत ढकलायचा. हे जमेल का, ते मी लिहून द्यायचं. तुझ्या हुलग्याच्या माडग्यासारखंच आहे हे. चुलीपुढं बसवून तू पळी माझ्या हातात द्यायचीस आणि मी पेंगलो की पाठीत धपाटा. "ढवळत ऱ्हा, थांबलास की बुडाला बसतंय!" पाइपाचंही तेच; पाणी थांबलं की कोळसा खाली बसतो, पाइप चोंदतो. आणि आपल्याकडं पाणी थांबत नाही असा उन्हाळा कुठला? आपलं रान कालव्याच्या टेलला. आवर्तन सुटायचं, वरच्या गावांतच जिरायचं आणि तू कोरड्या चारीत उभी राहून सगळ्या इंदापूर तालुक्याला ऐकू जाईल असं बोलायचीस.

बारामतीच्या ऑफिसात मी एवढंच विचारलं, उन्हाळ्यात पाणी कुठलं? साहेब म्हणाले, "'उपलब्धतेच्या अधीन' असं लिहा ना." लिहा ना! जसं काही लिहिलं की येतं.

वाटलं, आपली माणसं तरी भांडतील. गावच्या शाळेत बैठक होती. आपला दादा सगळ्यांच्या पुढं, संमतीपत्रावर सही करून मोकळा. "आरं, पाईप आपल्या बांधावरनं चाललाय. पानी येतंय हितं, आन् तू आडवा येतोस व्हय?" मी कपाळाला हात लावला. सांगितलं, दादा, त्यात कोळशाचं काळं पाणी, ते थेट कारखान्यात जाणार, आणि उचलणार उजनीतून, म्हणजे आपल्याच तोंडचं. तो हसला. "काळं आसंना. गाळून घिऊ. पानीच हाय न्हवं?" मागून एक म्हातारी म्हणाली, "येक नळ तरी सोडतील की." कंपनीच्या माणसानं नुसती मान डोलावली. मी ओरडलो, आई, आपल्याच माणसांवर ओरडलो. त्यांनी मला चहा दिला.

आता जळोचीच्या घरी अहवाल समोर घेऊन बसलोय. 'ग्रामस्थांचा विरोध' या रकान्यात मी 'नाही' लिहिलंय. ते खरं आहे, म्हणूनच खोडता येत नाही. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून बोलतो. तू असतीस तर भांडली असतीस, असं मघापासून स्वतःला बजावतोय. पण खरं सांगू? पाइप दिसताच तूही आधी घागरच आणली असतीस.