हिरवळीखालचा खड्डा

लोकं जाताना कपाटाची किल्ली सांगून जातात, शेताची हद्द सांगून जातात. तुमी अंगणातला खड्डा कुठं हाय एवढंसुद्धा सांगितलं न्हाई!

अहो दिलीपचे आबा,

नमस्कार. दुसरीपर्यंतचं माझं अक्षर, कोंबडीचे पाय वाटले तरी वाचा. पोटात राहीना म्हणून लिहायला बसले.

गल्लीत भुयारी गटाराचं काम निघालं. फाटकापासून मोरीपर्यंत जेसीबीनं चर मारला, तुमी लावलेल्या अंगणातल्या हरळीच्या मधोमध. पाइप टाकला, माती लोटली, गडी निघून गेले. दिलीपला दम कुठं? नर्सरीतून तयार लॉनच्या गुंडाळ्या आणल्या आणि सतरंजी अंथरावी तशा वर अंथरल्या.

मी म्हणाले, "अरे, काळी माती हाय. आधी पाणी पाज, बसू दे."

"आई, तुला ह्यातलं काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी पाणी मारायला गेला आणि गुडघ्यापर्यंत आत! मला हसू आवरेना.

"हसतेस काय?"

"मग आरती ओवाळू?"

मग मी पदर खोचला. गुंडाळ्या काढल्या. चरात पाणी सोडलं, माती खाली बसू दिली, धुम्मसनं ठोकली, परत भरली, परत पाणी. तुमच्या लाऊडस्पीकरचं जुनं लोहचुंबक आठवतंय? दोरी बांधून मातीवरनं ओढलं. खिळे, तारेचे तुकडे, काय काय चिकटून आलं! जन्मभर नुसतं 'हॅलो हॅलो' केलंत, तुमच्या धंद्याचा घराला उपयोग आत्ता झाला. काचा मात्र चाळणीनं माती चाळून हातानं वेचाव्या लागल्या.

एवढं कशासाठी? आपली पणती ओवी आता खाट धरून उभी राहती. आज ना उद्या पाऊल टाकंल, ते गवतावरच टाकंल. हरळी लावल्यापासनं ह्या घरातलं प्रत्येक पोर तिथंच चालायला शिकलं.

पण प्लंबर जाता जाता बोलला, "आजी, मोरीतनं एक जुना पाइप अंगणात गेलाय. जुना शोषखड्डा असंल तिकडं. बुजवलाय ना?"

तुमी तो खड्डा बंद केला तवा मी लेकीच्या बाळंतपणाला गेले हुते. परत आले तर सगळीकडं हरळी लावलेली. विचारलं तर म्हणालात, "केलं त्याचं." काय केलं? कुठं? पुढं कधी तोंड उघडलंत?

तवापासून बुड टेकवत न्हवतं. पोळी तव्यावर टाकायची आणि पहार घेऊन अंगणात जायचं. इथं ठोक, तिथं ठोक. पोळ्या करपल्या. ओवी उंबऱ्याकडं रांगली की पहार टाकून तिला उचलायला धावायचं.

दिलीप म्हणाला, "आई, सगळीकडं पेव्हर ब्लॉक टाकतो. गवत बी नको, कटकट बी नको."

"वर ब्लॉक टाकल्यावर खालचा खड्डा जातो व्हय रे?"

राहता राहिली अंगणातली तुमची लोखंडी खुर्ची. तुमी गेल्यावर कुणी हलवली न्हवती. चिडून तिच्यावर पहार आपटायला गेले आणि हात थांबला. ऊन असो, सावली असो, तुमी खुर्ची तिथनं तसूभर हलवली न्हाई. पोरं जवळ आली की, "ए, लांब खेळा!" मी सगळ्यांना सांगायचे, ह्यांना लेकरांचा आवाज सोसत न्हाई.

खुर्ची उचलली. पहार मारली. ढब्!

वीतभर मातीखाली शहाबादी फरशी, आडवी तडकलेली. खाली पोकळ, पुरुषभर खोल.

म्हणजे तुमी राखण करत बसला हुता? तडा गेलेला तुमाला ठाऊक हुता? अहो, एवढी वर्षं बसण्यापेक्षा दोन टेम्पो मुरूम टाकला असता तर! आणि तुमच्यामागं तिथं कोण बसणार हुतं? मी? पोरांना उगाच माणूसघाणा आजोबा दाखवलात. मला एक शब्द बोलला असता, तर त्या खुर्चीवर कधीमधी मी बसले असते, तुमी जरा पाय मोकळे केले असते.

फरशी फोडून आत टाकली. दगड, मुरूम, पाणी, धुम्मस, परत मुरूम. वर चाळलेली माती आणि कुजलेलं शेणखत. कडंची जुनी हरळी उपटून तिचीच रोपं लावली. दिलीप आता मी सांगंल तसं पाणी घालतो.

शब्द देते. हरळीनं मूळ धरेपर्यंत ओवीला उंबरा ओलांडू देणार न्हाई. मग पहिल्यांदा मी अनवाणी चालणार, इंच न् इंच, आणि मगच तिचा पाय. मी हाय तोवर ब्लॉक पडणार न्हाई. खुर्ची भिंतीला लावलीय. आता तिथं कुणी बसायची गरज न्हाई.

तुमची,
दिलीपची आई

फरशी तडकली हे मला का सांगितलं न्हाई, त्याचं उत्तर तुमीच द्यायचं, आणि मलाच द्यायचं. श्रीरामपूरच्या वन्संच्या स्वप्नात जाऊन "वहिनीला सांग" असले निरोप चालणार न्हाईत.