बसून पाहिलेल्या खुर्च्या

४ मे

चि. मुक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चार ओळी होत्या, त्यातल्या दोन हवेवर. तरी फोनपेक्षा कागद बरा. फोनवर मी 'काय, काय' करत राहते आणि तू गप्प. तू मुका, मी बहिरी, आपलं जमायचं कसं?

वर्षअखेरीला दुकानाचा करार संपतो आणि घरमालक आत्तापासून विचारतो आहे, असं तू लिहिलंस. मग मीही विचारते. दुकान चालवणार आहेस, की बंद करून इकडे येणार आहेस? मागची खोली रिकामी आहे, खिडकीला ऊन येतं. मी ओढून नेणार नाही. पण चालवायचं असेल तर दुकानात माणसं यायला हवीत. आजवर माणसांशी बोलायचं काम भावजयीचं आणि वेत विणायचं काम तुझं, अशी वाटणी होती. आता ती नाही.

सूनबाई म्हणते, लोक हल्ली आधी मोबाइलवर शोधतात आणि मग जिना चढतात, तेव्हा मामांनी वेबसाइट करावी. तिच्या ऑफिसात पूर्वी असलेली एक मुलगी आता हेच काम करते. तिला सांगावं असं माझं मत. तुझा भाचा म्हणतो, पैसे कशाला घालवायचे, तयार साचे मिळतात, रकाने भरायचे, रविवारच्या एका दुपारचं काम आहे. मागे त्याने न्हाणीघरातला नळ स्वतः दुरुस्त केला होता आणि आम्ही दोन दिवस शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होतो. तेवढं लक्षात ठेवून ठरव.

जेवत जा. माया आहेच, ती कागदात मावत नाही.
तुझी ताई


१७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वेबसाइट स्वतःच करायची ठरवलं आहे. त्या मुलीला काम द्यायचं म्हणजे आधी तिला सगळं सांगत बसावं लागणार. शिवाय दुकान बंद केल्यावर लगेच वर घरी जायला पाय निघत नाही. तो वेळ यात जातो.

भाच्याला सांग, रविवार पुरला नाही. रंग निवडण्यातच बरेच दिवस गेले. शेवटी वेत भिजवल्यावर जसा दिसतो तसा घेतला. खुर्च्यांचे फोटो खिडकीच्या उजेडात काढले. पत्ता, वेळ, कामाचे प्रकार, सगळं लिहून झालं. एकाच ठिकाणी अडलो आहे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत एक वाक्य घालायची जागा आहे, दुकानाची ओळख म्हणून. तिथे 'आपले वाक्य येथे लिहा' असं आपोआप दिसत राहतं. ते वाक्य सुचत नाही. बाकी ठीक.

तुझ्या गुडघ्याला शेक देतेस ना? आठवण ठेवावी.
तुझा धाकटा


२९ मे

चि. मुक्यास,
अनेक आशीर्वाद.

एका वाक्यासाठी अडलास? अरे, दाराबाहेरच्या पाटीवर इतकी वर्षं आहे की. 'बसून पाहिल्याशिवाय खुर्ची देत नाही.' उचल आणि ठेव. लोक दुकान ओळखतात ते त्याच वाक्याने. तू खुर्ची विणायचास, भावजय चहाचा कप घेऊन तिच्यात बसायची आणि कप संपेपर्यंत उठायची नाही. कुठे टोचलं, कुठे कुरकुरलं की खुर्ची परत तुझ्या पाटावर. मी आले असताना एकदा तुझी तीच खुर्ची तिने तीनदा परत केली होती, आणि तू तोंडातून शब्द न काढता तीनदा सोडवून विणली होतीस. मी हसून हसून खोकत होते.

दुसरी गोष्ट. इथे एका लग्नात तुमच्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांची डुलती खुर्ची हिवाळ्यापासून तुझ्याकडे पडून आहे आणि तू फोन उचलत नाहीस म्हणाल्या. चांगल्याच तडकल्या होत्या. मी ऐकू न आल्यासारखं केलं, ते मला छान जमतं. पण हे काय आहे?

रागावणार असशील तर रागाव, मी त्या मुलीला तुझा पत्ता दिला आहे. ती येईल. निदान दार उघड.

जशी आहेस तशीच राहा, असं मला कुणीतरी म्हणावं म्हणून तुला सांगते, जसा आहेस तसाच राहा.
तुझी ताई


१० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ती मुलगी आली होती. मी केलेलं पाहिलं. रंग आवडला म्हणाली, फोटो चांगले आहेत म्हणाली. स्वतः पुरं करायचं असेल तर तेही होईल, तिने केलं तर लवकर होईल आणि शोधणाऱ्याला सापडेल, एवढाच फरक. तिचं बोलणं सरळ होतं. मग बाहेर जाऊन तिने पाटीचा फोटो काढला आणि तेच वाक्य रिकाम्या जागी टाकून मला दाखवलं. अगदी शोभत होतं. मी काढायला सांगितलं. तिने कारण विचारलं तेव्हा म्हणालो की ते आता खरं नाही. ती म्हणाली की बाकी सगळं ती करून देईल, ते वाक्य मात्र मलाच द्यावं लागेल.

तू डॉक्टरीणबाईंचं विचारलंस. त्यांची खुर्ची केव्हाच तयार आहे. सगळ्यांच्याच तयार आहेत. काम कमी झालं म्हणून दुकान बसलं असं तुला वाटतं, पण तसं नाही. विणून झालेली एकही खुर्ची मी परत दिलेली नाही. ही गेल्यापासून त्यांत कुणी बसलेलं नाही, मग देऊ कशी? मी स्वतः बसून पाहिलं. ही म्हणायची की विणणाऱ्याने बसू नये, त्याला स्वतःची गाठ टोचत नाही. मला खरंच काही टोचलं नाही, म्हणून भरवसा वाटला नाही.

एकीवर एक ठेवल्या तर वीण दबते, म्हणून जमिनीवरच मांडल्या आहेत. मधून एक माणूस जाईल एवढी वाट आहे. मी स्टुलावर बसून काम करतो. त्या सगळ्या समोर असतात.

फोन उचलत नाही याचं कारण असं, की पलीकडून पहिला प्रश्न येतो, बाई आहेत का. एकदा उचलला आणि बाहेर गेल्यात असं सांगितलं. मग पुन्हा उचलला नाही.

तुझ्याकडे यावं असंही मनात येतं. लोभात अंतर पडू नये.
तुझा धाकटा


१६ जून

चि. मुक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. त्या खुर्च्या लोकांच्या आहेत रे, त्यांच्या घरी माणसं स्टुलावर बसली असतील.

मी येते. एकेकीत बसते, चहा तू कर. माझं वजन तुला ठाऊक आहे. माझ्याखाली जी टिकेल ती कुणाच्याही घरी टिकेल. गुडघा बसच्या पायऱ्या चढू देईल असा डॉक्टरांनी होकार दिला की तारीख कळवते. इकडे येण्याचं मग बघू. खोली कुठे जात नाही.

तोवर कुणाला 'बाहेर गेल्यात' म्हणू नकोस. ते वाचून मला फार वाईट वाटलं.

वाट पाहा.
तुझी ताई


२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू येऊ नकोस असं म्हणत नाही. ये, पण बसायला नको, नुसतीच ये. तू बसून परत गेलीस की पुढची खुर्ची पुन्हा तशीच राहील. आणि आता तशी गरजही उरली नाही.

घरमालकाला दुकान ठेवतो आहे म्हणून कळवलं. वेबसाइट त्या मुलीला दिली. मी ती करत होतो ते संध्याकाळ जावी म्हणून, त्यामुळे ती कधी पुरी झालीच नसती. फोटो आणि रंग माझेच ठेवले आहेत. वाक्य मी दिलं. 'खुर्ची न्यायला स्वतः या, चहा होईपर्यंत बसून पाहा, टोचली तर इथेच सांगा.' ती म्हणाली की फार लांब आहे. मी म्हटलं, असू दे.

ते वाक्य सुचलं ते असं. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाई स्वतः जिना चढून आल्या. दुकानातल्या खुर्च्या पाहून त्यांनी इतकंच विचारलं की हे दुकान आहे की सभागृह. मग आपली खुर्ची शोधून तिच्यात बसल्या आणि घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणाल्या. मला काय करावं कळेना, म्हणून चहा ठेवला. त्या डुलत डुलत प्यायल्या. मध्येच पाठीमागे हात नेऊन म्हणाल्या की डावीकडे काहीतरी टोचतंय. मी पाहिलं, खरंच एक टोक वर आलं होतं. माझ्या हाताला ते लागलं नव्हतं. त्यांना दुसऱ्या खुर्चीत बसवून तिथेच नीट केलं.

आता फोन उचलतो, रोज कुणीतरी येतं. निम्म्या खुर्च्या गेल्या. दुकान मोठं वाटतं, आवाज घुमतो. त्याची सवय व्हायची आहे. गिऱ्हाईक बसलेलं असतं तोवर समोर उभं राहून काहीतरी बोलावं लागतं. मी वेताबद्दल बोलतो.

त्या दिवशी डॉक्टरीणबाई पुन्हा आपल्या खुर्चीत बसल्या आणि विचारलं की बाई दिसत नाहीत त्या. बाहेर गेल्यात असं ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, ती गेली. हिवाळ्यात.

कप केव्हाच रिकामा झाला होता. त्या आणखी थोडा वेळ बसल्या.

ये. लोभ आहे तसा राहू दे.
तुझा धाकटा